डिक मिलर पाहायचा कसा: बी-चित्रपटांतल्या एका चरित्र अभिनेत्याची ओळख, पायरीपायरीने

इन्स्पेक्टरच्या वर्दीतले इफ्तेखार किंवा जगदीश राज पडद्यावर आले की जुने हिंदी चित्रपट पाहणारा माणूस क्षणात ओळखतो. नाव आठवो न आठवो, चेहरा घरातला असतो. अमेरिकेतल्या स्वस्त, घाईत काढलेल्या चित्रपटांत हे स्थान डिक मिलरचं आहे. त्याच्यावर २०१४ साली निघालेल्या माहितीपटाचं नावच मुळी ‘दॅट गाय डिक मिलर’, म्हणजे ‘अरे, तो हा’ असं आहे. जन्म २५ डिसेंबर १९२८, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात. मृत्यू ३० जानेवारी २०१९. मधल्या काळात दीडशेच्या वर चित्रपट आणि मालिका. बहुतेक ठिकाणी दोन-चार मिनिटांचं काम, आणि त्या दोन-चार मिनिटांत दुकान, दारूचा गुत्ता, पोलीस चौकी किंवा टॅक्सी खरी वाटायला लागते.

एवढा पसारा असल्यामुळे नवखा प्रेक्षक हमखास चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. ‘ग्रेमलिन्स’मधला गमतीशीर शेजारी पाहतो, हसतो आणि विसरतो. मिलर समजायचा असेल तर आधी त्याला मुख्य भूमिकेत पाहायला हवं, मग छोट्या भूमिकांत. पुढचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

पाहण्याआधी: बी-चित्रपट म्हणजे काय, एवढं डोक्यात ठेवा

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. अशा जोडीसाठी स्वस्तात काढलेला तो बी-चित्रपट. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी असे जोड तयार करूनच विकायची. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ (१९५६) हा ‘द शी-क्रीचर’सोबत लागला, ‘अ बकेट ऑफ ब्लड’ (१९५९) ‘अटॅक ऑफ द जायंट लीचेस’सोबत. म्हणून यांची लांबी ६० ते ७५ मिनिटं असते. चित्रीकरण पाच-दहा दिवसांत उरकायचं, सेट दुसऱ्या कुणाचे उरलेले, आणि एकाच नटाला दोन कामं. मिलरच्या पहिल्याच चित्रपटात, ‘अपाची वुमन’मध्ये (१९५५), दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने त्याला आधी अपाची, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीतला माणूस म्हणून उभं केलं आणि मग त्याच अपाचींचा पाठलाग करणाऱ्या गोऱ्यांतही घातलं. मिलर कॅलिफोर्नियात आला होता लेखक व्हायला. कॉर्मनने सांगितलं, लेखक आहेत, नट हवेत.

या अटींचा अभिनयावर थेट परिणाम होतो. दृश्य पुन्हा घ्यायला वेळ नाही, तालीम जेमतेम, कॅमेरा एकाच जागी. अशा वेळी नट स्वतःबरोबर काय घेऊन येतो यावरच सगळं असतं. मिलर प्रत्येक भूमिकेत धंदा घेऊन येतो. त्याचा माणूस या नोकरीत दहा वर्षं आहे, हे पहिल्या वाक्यात कळतं.

पायरी १: प्रत तपासून घ्या

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

‘अ बकेट ऑफ ब्लड’, ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) आणि ‘द टेरर’ (१९६३) हे तिन्ही अमेरिकेत सार्वजनिक मालकीचे झाले आहेत. भारतीय कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे इथेही त्यांची मुदत संपली आहे. इंटरनेट आर्काइव्हवर ते विनामूल्य मिळतात. अडचण अशी की कुणीही वाटेल ती प्रत चढवतो. म्हणून पाहण्याआधी चार गोष्टी तपासा.

लांबी. ‘बकेट’ ६६ मिनिटं, ‘लिटल शॉप’ ७२, ‘नॉट ऑफ धिस अर्थ’ (१९५७) ६७, ‘रॉक ऑल नाइट’ (१९५७) ६२. ‘लिटल शॉप’ची प्रत ६९ मिनिटांची निघाली तर कापाकापी झाली असं लगेच समजू नका. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चालतो, युरोपातला टीव्ही २५ वर. टीव्हीसाठी उतरवताना चित्र सुमारे चार टक्के वेगाने पळवलं जायचं. ७२ मिनिटांची ६९ होतात ती यामुळे, आणि आवाज थोडा पातळ होतो. मिलरच्या बाबतीत हे चालणार नाही, कारण त्याचा घोगरा आवाज हे त्याचं अर्धं भांडवल आहे. दुसरी प्रत शोधा. ती नाहीच मिळाली तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. मात्र हा प्लेअर वेग बदलतानाही स्वर मूळ फाइलचाच राखतो. तो खाली यायला हवा असेल तर ध्वनीच्या सेटिंगमधला वेळ ताणण्याचा पर्याय आधी बंद करावा लागतो.

रंग. ‘बकेट’ आणि ‘लिटल शॉप’ मुळात कृष्णधवल आहेत. ‘लिटल शॉप’ची नंतर रंगवलेली आवृत्तीही फिरते, ती टाळा. रंगवलेल्या प्रतीत कातडीचा रंग सपाट होतो आणि मिलरच्या भुवया आणि डोळ्यांखालची वळणं बुजतात. ‘द टेरर’ मात्र मुळातच रंगीत आहे. त्याच्या फुकट प्रती बहुधा विटलेल्या, लालसर असतात.

चौकटीचा आकार. जुनी चौकोनी प्रत रुंद पडद्यावर ताणून बसवलेली असेल तर सगळे चेहरे फुगलेले दिसतात. व्हीएलसीमध्ये ‘ए’ की दाबत गेलात की आकार बदलत जातो. गोल वस्तू, म्हणजे बशी किंवा घड्याळ, गोल दिसेपर्यंत बदला.

उपशीर्षकं. मिलर ब्रॉन्क्सच्या ढंगात, भरभर बोलतो. इंग्रजी उपशीर्षकं लावाच, पण यंत्राने आपोआप तयार केलेली नकोत. नेमकी त्याचीच वाक्यं गाळली जातात. उपशीर्षकं ठराविक अंतराने मागे-पुढे असतील तर ‘जी’ आणि ‘एच’ या कीजनी सरकवता येतात. सुरुवातीला जुळून शेवटाकडे वाढत जाणारा फरक असेल तर तो वरच्या २४-२५ चौकटींच्या भानगडीचा आहे. तिथे सरकवून उपयोग नाही, उपशीर्षकांचा वेगच बदलावा लागतो; ती सोय समक्रमणाच्या खिडकीत असते.

पायरी २: चेहरा पक्का करा

मिलर बुटका, खांद्यात भरलेला, जबडा रुंद, केस काळे आणि दाट, भुवया जाड. नवखे लोक त्याची जोनाथन हेझशी गल्लत करतात, आणि त्यात नवल नाही. हेझ हा त्याचा मित्र, कॉर्मनशी ओळख त्याच्याच मार्फत झाली, आणि दोघे एकाच चित्रपटात वारंवार दिसतात. हेझ किरकोळ अंगाचा, अरुंद चेहऱ्याचा. फरक डोळ्यांत बसवायचा सोपा उपाय म्हणजे ‘नॉट ऑफ धिस अर्थ’: त्यात हेझ घरगडी आहे आणि मिलर दारावर येणारा विक्रेता. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’मध्ये तर दोघेही सैनिकाच्या वेषात आहेत. गणवेषात दोन माणसं वेगळी ओळखता आली की पुढे कुठेच चूक होत नाही. घाईच्या दृश्यात शंका आली तर चित्र थांबवून व्हीएलसीची ‘ई’ की दाबा, एकेक चौकट पुढे जाते.

पायरी ३: ‘अ बकेट ऑफ ब्लड’, दोनदा

पाच दिवसांत, सुमारे ५० हजार डॉलरमध्ये काढलेला चित्रपट. पटकथा चार्ल्स बी. ग्रिफिथची. मिलरचं पात्र वॉल्टर पेस्ली: कवी-चित्रकारांच्या कॅफेत उष्टे कप उचलणारा, त्या कलावंतांसारखं व्हायची तहान लागलेला पोरगेला माणूस. घरमालकिणीचं मांजर भिंतीत अडकतं, सोडवायला जाताना चुकून सुरी लागून मरतं, आणि हा त्याच्यावर माती थापतो. कॅफेतली मंडळी त्याला थोर शिल्पकार ठरवतात. पुढचं इथे सांगत नाही, आणि पाहण्याआधी तुम्हीही वाचू नका.

पहिल्यांदा सलग पाहा. दुसऱ्यांदा तीन ठिकाणी थांबा.

पहिली जागा, सुरुवातीचं कवितावाचन. कॅमेरा कवीवर आहे, मिलर मागे टेबलं आवरतोय. त्याचे ओठ आणि मान पाहा. कप उचलायचं काम हात करताहेत, कान मात्र कवितेत आहेत, आणि त्यातली वाक्यं तो मनात साठवतोय. दुसरी जागा त्याची खोली. आवडत्या मुलीच्या चेहऱ्याचा पुतळा करायला घेतलाय, बोटांत कसब नाही, आणि तो मातीला दटावतो की नाक हो. हे दृश्य हसण्याकडे सहज झुकलं असतं. मिलर ते खरोखरच्या रागाने करतो आणि मग हताश होतो, म्हणून पुढचं सगळं भीषण असूनही वॉल्टरची कणव येत राहते. तिसरी जागा, नाव झाल्यानंतर तो त्याच कॅफेत गिऱ्हाईक म्हणून येतो ती. डोक्यावर बेरे, म्हणजे मऊ चपटी टोपी, हातात लांब सिगारेट-होल्डर. पोशाखाकडे लक्ष जाईलच. तुम्ही पाठ पाहा. आधी सतत वाकलेली पाठ आता ताठ आहे, आणि ते ताठपण उसनं आहे हेही दिसतं.

शेवटच्या दृश्यातला मेकअप कच्चा आहे. पैसे आणि वेळ दोन्ही संपले होते, आणि स्वतः मिलरला ते कायम खटकत राहिलं. तेवढं सोडलं तर हे काम कुठल्याही मोठ्या चित्रपटातल्या मुख्य भूमिकेच्या शेजारी निःसंकोच ठेवावं असं आहे.

१९९५ साली याच कथेवर नवा चित्रपट निघाला, त्यात वॉल्टर दुसरा नट आहे. शोधताना साल टाकाच. हाच धोका ‘लिटल शॉप’लाही आहे: १९८६ चा संगीतमय चित्रपट वेगळा, त्यात मिलर नाही. ‘नॉट ऑफ धिस अर्थ’ची १९८८ ची आवृत्तीही नको, विक्रेता तिथे दुसराच आहे.

पायरी ४: छोट्या भूमिकेचं वजन

आता ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’. मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एका रात्रीत झालं. फुलवाल्या सीमोरची मुख्य भूमिका मिलरला देऊ केली होती. वॉल्टर पेस्लीच्याच वळणाची आहे म्हणून त्याने नाकारली आणि ती हेझकडे गेली. मिलरने घेतला बर्सन फाउच, म्हणजे फुलं खाणारं गिऱ्हाईक. तो दुकानात येतो, फुलं घेतो, खिशातून मीठ काढून भुरभुरतो आणि खायला लागतो. नजर इकडेतिकडे नाही, लोकांना चकित केल्याचा आनंद नाही. जेवणाच्या सुट्टीत कारकून डबा उघडतो तसं सगळं.

इथे एक गोष्ट निसटते. वेगळं झाड दुकानात ठेवलं की गिऱ्हाइकं गोळा होतात, ही अक्कल दुकानदाराला देतो तो फाउचच. कथेचं चाक त्याच्यामुळे फिरतं. छोट्या भूमिकेचं वजन मोजायची रीत हीच: ते पात्र काढून टाकलं तर पुढे काय अडतं, हे विचारा.

मग ‘नॉट ऑफ धिस अर्थ’मधला व्हॅक्यूम क्लीनर विकणारा. दार उघडतो काळा चष्मा लावलेला परग्रहवासी, ज्याला माणसांचं रक्त हवंय. सिनेमात असले विक्रेते हसरे, गुळगुळीत असायचे. मिलरचा विक्रेता रस्त्यावर मुरलेला आहे, समोरचा विचित्र आहे हे त्याला दिसतं, पण विक्री सुटता कामा नये म्हणून तो बोलत राहतो. हे दृश्य तीनदा चालवा: एकदा जसं आहे तसं, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. आवाज बंद केल्यावर कळतं की तो हातातल्या यंत्राकडे फारसं पाहतच नाही, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचतो. डोळे मिटल्यावर कळतं की वाक्यांचा वेग कुठे बदलतो.

‘रॉक ऑल नाइट’ आणि ‘वॉर ऑफ द सॅटेलाइट्स’ (१९५८) सवडीने पाहा. पहिल्यात तो एका बारमधला शॉर्टी, उंचीवरून डिवचला जाणारा आणि गुंडांपुढे न वाकणारा. दुसरा स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या गाजावाजात घाईने काढलेला. त्यात तो सरळ नायक आहे, आणि सरळ नायक त्याला तितकासा मानवत नाही. ‘द प्रीमॅच्युअर बेरियल’ (१९६२), ‘एक्स’ (१९६३), ‘द ट्रिप’ (१९६७) ही कामं नोंद करून पुढे जाण्याइतकीच.

पायरी ५: वही करा

इथून पुढे लक्षात ठेवणं जमत नाही. एका पानावर हे रकाने आखा: चित्रपट आणि साल, मिलर कितव्या मिनिटाला येतो आणि कधी जातो, पात्राचं नाव, धंदा, हातात काय आहे, समोर कोण, तो नसता तर काय अडलं असतं. ‘हातात काय’ हा रकाना गाळू नका. मीठ, कप, यंत्र, बंदूक, नोटा: त्याचा अभिनय वस्तूभोवती उभा राहतो, आणि दहा-बारा नोंदी झाल्या की हे आपोआप दिसायला लागतं.

पात्राच्या नावाचा रकाना दुसऱ्या कारणासाठी. वॉल्टर पेस्ली हे नाव चाहत्या दिग्दर्शकांनी त्याला पुन्हा पुन्हा दिलं. ‘हॉलिवूड बुलेवार्ड’मध्ये (१९७६) तो नटांचा एजंट वॉल्टर पेस्ली आहे, ‘द हाउलिंग’मध्ये (१९८१) पुस्तकवाला, ‘ट्वायलाइट झोन: द मूव्ही’त (१९८३) रस्त्याकडेच्या खाणावळीचा मालक, ‘चॉपिंग मॉल’मध्ये (१९८६) झाडूवाला, आणि मृत्यूनंतर आलेल्या ‘हानुका’त (२०१९) ज्यूंचा धर्मगुरू. हा एकच माणूस आहे असं समजून कथा जुळवू नका, ती जुळत नाही. ही त्याला दिलेली मानवंदना आहे. ‘नाइट ऑफ द क्रीप्स’मध्ये (१९८६) पोलिसांच्या शस्त्रागारातला माणूस नुसता वॉल्ट आहे, आडनाव नाही, तो वेगळा लिहा.

लेखक म्हणून त्याचं नाव ‘रिचर्ड मिलर’ असंही लागतं, उदाहरणार्थ ‘व्हिच वे टू द फ्रंट?’ (१९७०). या नावाची माणसं पुष्कळ आहेत. ऑनलाइन याद्यांत जन्मसाल १९२८ जुळतंय का ते पाहून मगच नोंद करा. यादीत असलेलं प्रत्येक काम पडद्यावर असतंच असंही नाही. ‘पल्प फिक्शन’मध्ये (१९९४) तो मॉन्स्टर जो होता, पण ते दृश्य अंतिम चित्रपटातून कापलं गेलं. तिथे शोधत बसू नका.

पायरी ६: दुसरी खेळी

सत्तरच्या दशकात कॉर्मनच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्समध्ये ट्रेलर जोडणारा जो दांते हा मिलरचे चित्रपट पाहत वाढलेला मुलगा. दिग्दर्शक झाल्यावर त्याने मिलरला बहुतेक प्रत्येक चित्रपटात जागा दिली. ‘हॉलिवूड बुलेवार्ड’ त्याने ॲलन अर्कुशबरोबर केला. त्यात पेस्ली ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीतूनच चित्रपट पाहायच्या उघड्यावरच्या थिएटरात बसून ‘द टेरर’ पाहतो, म्हणजे मिलर तरुण मिलरला पाहतो. म्हणून ‘द टेरर’ आधी उरकून घ्या.

‘द हाउलिंग’मधला पुस्तकवाला नरलांडग्यांना मारायचे नियम गिऱ्हाइकाला ठासून सांगतो, चांदीच्या गोळ्याही दाखवतो, आणि तुमचा विश्वास आहे का विचारलं की झटकून टाकतो; त्याला धंदा करायचाय.

‘द टर्मिनेटर’मधलं (१९८४) बंदुकीच्या दुकानातलं दृश्य दोन मिनिटांच्या आतलं आहे आणि ते तालमीत शिकवावं असं आहे. गिऱ्हाईक एकेक हत्यार मागतं, मिलर काढून ठेवतो, निवडीचं कौतुक करतो. भविष्यातलं कुठलंसं शस्त्र मागितल्यावरही तो दचकत नाही. समोर आहे तेवढंच मिळेल, म्हणतो. पिस्तुलाला १५ दिवस थांबावं लागेल, रायफली आत्ता न्या, हा नियम सांगतो. आणि गिऱ्हाईक दुकानातच गोळ्या भरायला लागतं तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघते ती दुकानदाराची हरकत: असं इथे करता येत नाही. भीती अजून पोहोचलेलीच नाही. सवय आधी बोलते. हा क्षण चौकट-चौकट करून पाहा.

आता ‘ग्रेमलिन्स’ (१९८४). परदेशी मालावर चिडणारा, यंत्रांत ग्रेमलिन, म्हणजे ती बिघडवणारी खोडकर भुतं असतात असं दारूच्या भरात सांगणारा मरी फटरमन पाहताना आता फक्त हसू येणार नाही. त्याची बायको झालेल्या जॅकी जोसेफकडेही लक्ष द्या: ती १९६० च्या ‘लिटल शॉप’मधली ऑड्री आहे. २४ वर्षांनी दोघांना नवरा-बायको म्हणून उभं करणं हे दांतेचं काम, आणि पायरी ४ केलेल्यालाच ते दिसतं. १९९० च्या दुसऱ्या भागात फटरमन जोडपं परत येतं.

‘आफ्टर अवर्स’ (१९८५), ‘इनरस्पेस’ (१९८७), ‘द बर्ब्ज’ (१९८९) आणि ‘डीमन नाइट’ (१९९५) हवे तेव्हा, कुठल्याही क्रमाने पाहा.

वेगाबद्दल, आणि त्यानंतर

आठवड्याला दोन चित्रपट पुरे. साठ मिनिटांचे आहेत म्हणून एका बैठकीत चार लावले की सेट, संगीत, गुत्ते सगळे एकमेकांत मिसळतात आणि वहीत काहीच उतरत नाही. ओळखीच्यांना बोलवायचं असेल तर ‘बकेट’ आणि ‘लिटल शॉप’ लागोपाठ दाखवा. दोन्ही मिळून १३८ मिनिटं, मध्ये चहाला १५. आलेल्यांना एवढंच आधी सांगा की मांजराच्या प्रसंगाने अस्वस्थ व्हायला होऊ शकतं.

‘दॅट गाय डिक मिलर’ हा एलायजा ड्रेनरचा माहितीपट शेवटी ठेवा, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक चांगल्या दृश्याचा तुकडा आहे. निदान १५ नोंदी झाल्यावर तो लावा आणि वही जवळ घ्या. मग तीच वही जोनाथन हेझ, मेल वेल्स, बार्बरा मॉरिस यांच्यासाठी वापरता येईल. ‘समोर कोण’ या रकान्यात त्यांची नावं आधीच आलेली असतील.